नामावळीची पानं: पंचवटीतल्या स्कझी डिस्कवरून फायबरवर (प्रकल्प नोंदी)

शनिवार, २० एप्रिल २०२४

काल नाशिकच्या काळारामाचा रथोत्सव झाला. आज पंचवटीतले रस्ते जरा मोकळे होते, म्हणून गुरुजींच्या वाड्यावर पहिली फेरी मारली.

गुरुजी तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणारे इथले पुरोहित. त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. रामकुंडावर आलेल्या यजमानाने आपलं नाव, गाव, वाडवडील, भाऊबंद सगळं वहीत लिहून द्यायचं, ही रीत. जुन्या वह्या मोडीत आहेत. २००३ च्या सिंहस्थाआधी गुरुजींच्या पुतण्याने निम्म्याअधिक वह्या स्कॅन केल्या होत्या. पुढे २००८ च्या पुरात खालच्या मजल्यावर पाणी शिरलं आणि स्कॅन झालेल्यांपैकीच काही वह्यांचा लगदा झाला. त्या वह्या आता फक्त वरच्या माडीवरच्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये शिल्लक आहेत. म्हणून हे काम.

मशीन: दोन पेंटियम थ्री प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, विंडोज २०००. आत अल्ट्रा १६० स्कझीच्या (अनेक उपकरणं एकाच केबलवर जोडायची जुनी पद्धत) चार डिस्क, प्रत्येकी ३६ जीबी. एक डीडीएस-४ टेप ड्राइव्ह, पाच टेपा. बाहेरून स्कझीवरच जोडलेला स्कॅनर. यूएसबी १.१, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट. नेटवर्क पोर्ट १०० मेगाबिटचं. एकूण ११,४०० पानं, सगळ्या टिफ फाइली. विंडोज १२२ जीबी दाखवतं, बाइटची पूर्ण संख्या १३१ अब्जाच्या घरात आहे. तिसरी डिस्क चालू होताना कण्हल्यासारखा आवाज करते. गुरुजी म्हणाले, "ती दोन वर्षांपासून अशीच बोलते."

काम दोन टप्प्यांचं आहे. आधी हे सगळं माझ्या कॉलेज रोडच्या ऑफिसातल्या नॅसवर (नेटवर्कवर जोडलेल्या साठवणपेटीवर) आणायचं. मग उरलेल्या वह्यांचं स्कॅनिंग सुरू झालं की रोजची नवी पानं रात्री आपोआप वाड्याबाहेर जायला हवीत. गोदावरीला पूर यायला आमची परवानगी लागत नाही, म्हणून वाड्यात ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीवर माझा भरवसा नाही.

लीज्ड लाईनची कामं करणारा माझा एक मित्र आहे. वाड्याशेजारच्या इमारतीत त्याची एक जुनी एसटीएम-१ पेटी (फायबरवरून डेटा नेणारी) चालू आहे, आणि तिचं दुसरं टोक माझ्या ऑफिसपासून दोन इमारती सोडून येतं. तो म्हणाला, "१५५ ची लाईन आहे, तिच्यातला थोडा भाग रिकामा आहे. महिनाभर वापर."

मी वहीत लिहिलं: डिस्क १६०, लाईन १५५. जवळजवळ सारखंच. १३१ जीबी भागिले १५५, म्हणजे चौदा-पंधरा मिनिटं. गुरुजींना सांगून टाकलं, "चहा होईपर्यंत काम होईल."

हा हिशोब चूक होता. तो इथे तसाच ठेवतो, कारण पुढचे तीन दिवस त्याच्यापायी गेले.

रविवार, २१ एप्रिल, रात्र

लाईव्ह सीडीवरून लिनक्स चालू केलं. चारही डिस्क फक्त वाचण्यापुरत्या जोडल्या, त्यांच्यावर एकही अक्षर लिहायचं नाही. नॅसचा फोल्डर जोडला आणि पहिल्या डिस्कपासून आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) सुरू केलं.

वेग सेकंदाला ६४० किलोबाइट. आधी वाटलं सुरुवात आहे, वाढेल. वाढला नाही. रात्री साडेदहा ते पहाटे साडेपाच, सात तासांत १६ जीबी. या वेगाने सगळ्याला ५७ तास लागले असते. माडीवर पत्रा आहे, दिवसा तिथे भट्टी होते. डिस्क हाताला चांगल्याच गरम लागत होत्या. सकाळी बंद केलं.

सोमवार, २२ एप्रिल

मित्राला फोन केला. मी सांगितलं, "तुझी लाईन १५५ ची आहे आणि मला एक सुद्धा मिळत नाही." तो म्हणाला, "अरे, १५५ मेगाबिट. तू मेगाबाइट धरलेस का?"

होय, धरले होते. इतकी वर्षं या धंद्यात काढून धरले होते. याचं एक कारण मला आज सापडलं. इंग्रजीत मोठा बी म्हणजे बाइट आणि छोटा बी म्हणजे बिट. आपण वहीत "एमबी" लिहितो तेव्हा तो फरक पुसलाच जातो. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाही. आजपासून या कामाच्या वहीत "मेगाबिट" आणि "मेगाबाइट" पूर्ण शब्दात लिहायचं ठरवलं. कोणी हे काम हाती घेणार असेल तर एवढं पहिल्या दिवशी करावं.

बरोबर हिशोब असा. स्कझीच्या नावातला आकडा मेगाबाइटचा असतो: अल्ट्रा १६० मध्ये एका वेळी दोन बाइट जातात, सेकंदाला आठ कोटी वेळा, म्हणून १६० मेगाबाइट. हेच बिटमध्ये १,२८० मेगाबिट. फायबरच्या दुनियेत आकडा नेहमी बिटचा. एसटीएम-१ म्हणजे १५५.५२ मेगाबिट, भागिले आठ, १९.४४ मेगाबाइट. त्यातही सगळी जागा आपल्या मालाला मिळत नाही. चौकटीत २७० स्तंभ असतात, त्यांतल्या १० मध्ये लाईनच्या आणि वाटेच्या स्वतःच्या नोंदी जातात. उरलेल्या २६० मध्ये १४९.७६ मेगाबिट, म्हणजे १८.७२ मेगाबाइट. कागदावर सारखे दिसणारे १६० आणि १५५ प्रत्यक्षात आठपटीहून जास्त लांब आहेत.

१३१ जीबीला १८.७२ ने भागलं तर एक तास सत्तावन्न मिनिटं. पण माझ्या मशीनचं आणि त्या पेटीचं पोर्ट १०० मेगाबिटचं, म्हणजे १२.५ मेगाबाइट. पाकिटांवरचे पत्ते आणि मधली रिकामी जागा वजा जाता ११.७७. मग तीन तास पाच मिनिटं. तरी ६४० किलोबाइटचा उलगडा होत नाही. तो दोष वेगळाच आहे.

बुधवार, २४ एप्रिल

दोष सापडला. पेटीवरचं पोर्ट १०० फुल डुप्लेक्सवर (पाठवणं आणि घेणं एकाच वेळी; हाफमध्ये आळीपाळीने) पक्कं बांधलेलं होतं. माझ्या मशीनचं कार्ड ऑटोवर. समोरचं टोक वाटाघाटीला उत्तरच देत नाही, मग कार्ड वेग ओळखतं पण डुप्लेक्स हाफ धरतं. एक टोक बोलता बोलता ऐकतंय, दुसऱ्याला वाटतंय की दोघांनी एकदम बोलणं म्हणजे टक्कर. कार्डाच्या मोजणीत उशिराच्या टकरींचा आकडा हजारोंत गेला होता. रविवारी रात्री तो एकदा पाहिला असता तर सात तास आणि डिस्कचे सात तास वाचले असते.

कार्ड हाताने १०० फुलवर बसवलं. वेग ५.४ मेगाबाइट.

सुधारला, पण ११.७७ चा निम्मा सुद्धा नाही. पुन्हा मित्राला फोन. त्याने पेटीचं कॉन्फिगरेशन काढून पाहिलं. एसटीएम-१ मध्ये व्हीसी-१२ चे ६३ डबे असतात आणि इथरनेट पोर्टला त्यातले २१ च जोडलेले. एका डब्यात २.१७६ मेगाबिट मावतात. २१ गुणिले २.१७६ म्हणजे ४५.७ मेगाबिट, भागिले आठ, ५.७१ मेगाबाइट. त्यातून पाकिटांचा खर्च पाच टक्के काढला की ५.४२. मोजलेला आकडा आणि हिशोबाचा आकडा इथे पहिल्यांदा जुळला. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. वेग तेवढाच राहिला होता, पण आता तो का तेवढा आहे हे कळलं होतं.

बाकीच्या ४२ डब्यांमधून दुसऱ्या ग्राहकांच्या लाईनी जातात, त्यामुळे ते मिळणार नाहीत. ५.४ ने १३१ जीबीला सहा तास पंचेचाळीस मिनिटं. एका रात्रीत होईल म्हणून शुक्रवारी रात्र ठरवली.

शुक्रवार, २६ एप्रिल, रात्र

सव्वा बाराला लाईट गेली. दहा मिनिटांनी आली. मशीन सुरू केलं तर तिसरी डिस्क फिरलीच नाही. दुसऱ्यांदा नाही. पंधरा मिनिटं बंद ठेवून, पंखा लावून तिसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा फिरली. गुरुजी शेजारी उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. मी लगेच सगळं बंद केलं.

खाली ओट्यावर बसून हिशोब उलटा मांडला. आतापर्यंत मी "एवढा वेग आहे, किती वेळ लागेल" असं विचारत होतो. विचारायचं होतं "एवढा वेळ आहे, किती वेग लागेल". या दिवसांत रात्रीची लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही. भाड्याने मिळणारा एक यूपीएस या मशीनचा भार घेऊन साधारण ९० मिनिटं टिकतो. ९० मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद. १,३१,००० मेगाबाइट भागिले ५,४००, सेकंदाला २४.३ मेगाबाइट. गुणिले आठ, १९४ मेगाबिट.

म्हणजे एसटीएम-१ चे सगळे ६३ डबे मिळाले असते तरी ते पुरले नसते. प्रश्न मित्राच्या पेटीचा नव्हताच. मला गिगाबिट लागणार आहे, आणि डिस्ककडून २४.३ सलग निघायला हवेत.

रविवार, २८ एप्रिल

आज नेटवर्कला हात लावला नाही. नुसती डिस्क वाचायची आणि वाचलेलं फेकून द्यायचं, कुठेच लिहायचं नाही. पहिली डिस्क: २२ मेगाबाइट, मध्येच दोन-तीन सेकंद शून्य, मग पुन्हा २२. कर्नलच्या नोंदीत पॅरिटीच्या (बिटांच्या पडताळणीच्या) चुका आणि बस, म्हणजे सगळ्या डिस्कांची सामायिक वाट, पुन्हा पुन्हा रीसेट. १६० च्या बसवर २२!

अर्धा दिवस केबल काढ-घाल करण्यात गेला. आधी संशय केबलवर, मग कार्डावर. दुपारी जेवायला बसलो असताना गुरुजींनी सहज विचारलं, "तो स्कॅनर चालू लागतो का? त्याचा दिवा उगाच जळतोय."

तेच कारण. स्कॅनर जुन्या पद्धतीचा, सिंगल एंडेड, म्हणजे प्रत्येक सिग्नल एकाच तारेवर. डिस्क एलव्हीडी, म्हणजे प्रत्येक सिग्नल तारांच्या जोडीवर. एकाच चॅनेलवर एक जरी सिंगल एंडेड उपकरण लागलं की सगळी बस त्याच्या पातळीवर उतरते. १६० वरून थेट ४०. तेवढ्यावर भागत नाही. एलव्हीडीला १२ मीटर केबल चालते, पण सिंगल एंडेड अल्ट्राला चारपर्यंत उपकरणं असतील तर ३ मीटर आणि त्याहून जास्त असतील तर दीडच मीटर. आमच्या साखळीवर चार डिस्क, टेप आणि स्कॅनर, सहा उपकरणं. केबल आतली-बाहेरची मिळून तीन मीटरच्या वर. रीसेट होणारच होते. २००३ पासून हे मशीन असंच चालत आलं असणार.

मशीन बंद करून स्कॅनर सोडवला. आतल्या केबलच्या टोकाचा टर्मिनेटरही (साखळीचं टोक बंद करणारा तुकडा) सैल आणि जुना होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एलव्हीडी-सिंगल एंडेड दोन्ही चालणारा वापरलेला टर्मिनेटर मागवला, ११०० रुपये. गुरुवारी आला. बसवल्यावर पहिली डिस्क ४४ मेगाबाइट, सलग, एकही चूक नाही. याहून जास्त त्या डिस्कच्या तबकडीवरूनच निघत नाही. १६० हा बसचा आकडा आहे, सगळ्या डिस्कांनी मिळून वाटून घ्यायचा.

शनिवार, ४ मे

मित्राने आणखी मदत केली. त्याच्या केबलमधला एक रिकामा कोर (काचेचा एक धागा) वाड्यापासून ऑफिसपर्यंत जोडून दिला. लांबी ६.२ किलोमीटर. एकाच कोरवर दोन्ही दिशा चालवणारे गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (तारेवरचा सिग्नल काचेवर नेणारी उपकरणं) घेतले, जोडी २४०० रुपये. जुन्या मशीनसाठी गिगाबिटचं वापरलेलं पीसीआय कार्ड, ३५० रुपये.

कन्व्हर्टरच्या मॉड्यूलवर १.२५ जी लिहिलेलं. यावेळी लगेच आनंद मानला नाही. १.२५ गिगाबिट भागिले आठ म्हणजे १५६ मेगाबाइट असं वाटतं, पण ते खरं नाही. काचेवरून जाताना दर आठ बिटांचे दहा होतात. त्यामुळे १.२५ ला दहाने भागायचं: १२५ मेगाबाइट. साटाच्या १.५ गिगाबिटचे १५० मेगाबाइट होतात तेही याच कारणाने. मात्र हा दहाचा भागाकार सगळीकडे लावू नये. एसटीएमला आठच, आणि दहा गिगाबिट इथरनेटची बांधणी ६४ ला ६६ ची, तिच्या नावातला आकडा आधीच निव्वळ मालाचा आहे.

दोन्ही टोकं लावली. दिवा लागला नाही. एक कन्व्हर्टर १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा बरोबर उलटा हवा. मी दोन्ही एकाच प्रकारचे उचलून आणले होते. ऑर्डर मीच दिली होती, मीच वाचली नव्हती. दुकान बंद व्हायच्या आत पोचून एक बदलून आणला.

रविवार, ५ मे

दिवा लागला, पण मिनिटा-दोन मिनिटांनी विझतो. मित्र पॉवर मीटर घेऊन आला. पाठवणाऱ्या टोकाला उणे ६ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), वाड्यात उणे २४. हिशोबाने काय हवं होतं? १३१० वर किलोमीटरला ०.३५ डीबी धरले तर ६.२ किलोमीटरचे २.२. चार जोडण्या प्रत्येकी अर्धा, झाले २. मधल्या स्प्लाइसचे (काचेच्या सांध्यांचे) अर्धा. साधारण उणे ११ यायला हवं होतं. तेरा डीबी कुठेतरी सांडत होते.

त्याने वाड्यातल्या पेटीवर टॉर्च मारला आणि हसला. माझी पॅच कॉर्ड हिरव्या टोकाची, भिंतीवरचा अडॅप्टर निळा. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. घुसतं व्यवस्थित, पण काच काचेला नीट टेकत नाही. निळी कॉर्ड लावली, टोकं पुसली, उणे ११.८. त्यानंतर दिवा विझला नाही. पॅच कॉर्डांचे ४८० रुपये झाले, त्यातले १८० त्या हिरव्या कॉर्डचे वाया.

जुन्या मशीनवरून नॅसवर सलग वेग ३१ मेगाबाइट. बिटमध्ये २४८ मेगाबिट, गिगाबिटचा पाव. मला ही गोष्ट आधी खटकली होती. पण पीसीआयची, म्हणजे मशीनच्या आत कार्डं जोडायची, बस ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, एकूण १३३ मेगाबाइट, आणि स्कझी कार्ड नि नेटवर्क कार्ड दोघंही तिच्यावरच. प्रत्येक बाइट आधी डिस्ककडून मेमरीत, मग मेमरीकडून बाहेर, असा दोनदा त्याच वाटेने जातो. शिवाय त्या प्रोसेसरला दमही लागतो. एसएसएच (माल सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत) लावून पाहिलं तर वेग ९ वर उतरला, म्हणून एसएसएच काढलं. वाट पूर्णपणे आपली आहे, मध्ये दुसरं कोणी नाही.

लागणार होते २४.३. मिळाले ३१. पुरे.

बुधवार, ८ मे

रात्री दहाला यूपीएस लावून सुरू केलं. तिसरी डिस्क मुद्दाम वगळली. पहिली, दुसरी, चौथी मिळून ९८ जीबी. त्रेपन्न मिनिटांचा अंदाज होता, छप्पन्न लागली. मधे लाईट गेली नाही.

गुरुजींनी दोन्हीकडचे आकडे स्वतः कागदावर लिहून घेतले होते. ते म्हणाले, "इथे ९१.३ होते, तिथे ९८ दिसतात. जास्तीचे कुठून आले? आपल्या वह्यांत दुसऱ्याच्या वह्या मिसळल्या नाहीत ना?"

त्यांची काळजी मला अगदी रास्त वाटली. नामावळीत नसलेलं नाव येणं हे त्यांच्या दृष्टीने असलेलं जाण्याइतकंच वाईट. विंडोज १,०२४ ने भागत जातं, नॅस १,००० ने. तीनदा भागलं की फरक सात टक्क्यांच्या वर जातो. ९१.३ ला १.०७३७ ने गुणलं, त्यांच्यासमोर कॅल्क्युलेटरवर, ९८ आले. तरी त्यांना एकेक फाइल जुळलेली हवी होती. मग दोन्हीकडच्या फाइलींचे एमडीफाइव्ह (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढले. तासभर आणखी गेला. सगळ्या जुळल्या. हा तास मी योजनेत धरलाच नव्हता. डिस्क दोनदा वाचावी लागते, म्हणून वेळ दुप्पट धरायला हवा.

शनिवार, ११ मे

काल अक्षय्य तृतीया झाली, गुरुजी आज मोकळे. तिसरी डिस्क.

ही फायबरवरून घ्यायची नाही असं ठरवलं. लाईनचा दिवा एकदा जरी मिटला तरी मधेच अडकून पडण्याची भीती. लॅपटॉप शेजारी ठेवला, दोन मीटरची केबल, आणि डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कवरून वाचेल ते काढणारा प्रोग्राम) थेट त्याच्या एसएसडीवर डिस्कची हुबेहूब प्रत. खरं सांगायचं तर चारही डिस्कची पहिली प्रत अशीच घ्यायला हवी होती, आणि फायबर दुसऱ्या प्रवासासाठी. मी लाईनच्या नादात होतो. २६ तारखेची ती पंधरा मिनिटं माझ्या या चुकीमुळे गुरुजींना सोसावी लागली.

पहाटे चारला, थंडाव्यात सुरू केलं. पहिली २४ मिनिटं डिस्क शहाण्यासारखी २५ च्या आसपास देत राहिली. ३६.४ जीबीतला जवळजवळ सगळा भाग या वेळात आला. मग अडलेले तुकडे. इथे मेगाबिट-मेगाबाइट काहीच कामाचं नाही. एका सेक्टरपाशी (तबकडीच्या छोट्या तुकड्यापाशी) डिस्क पाच-पाच सेकंद घुटमळते, कधी देते, कधी नाही. तासाभरात काही किलोबाइट. डीडीरेस्क्यू कुठे काय राहिलं याचा नकाशा ठेवतो, म्हणून थांबवून, डिस्क निववून पुन्हा लावता आलं. सव्वा नऊला थांबवलं, ऊन चढलं होतं.

न मिळालेलं एकूण २.१ मेगाबाइट. ३६,४०० पैकी २.१. पण ते अकरा पानांवर पसरलेलं. त्या टिफ उघडल्या की मोडी ओळींच्या मधून आडवा काळा पट्टा जातो, त्यापुढे अक्षर पुन्हा सुरू. अकरातल्या सात पानांच्या मूळ वह्या शाबूत आहेत, ती पुन्हा स्कॅन होतील. चार पानं पुरातल्या वह्यांची.

सोमवार, २० मे

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन दहाला वाड्यावर.

टेपा मी आतापर्यंत शेवटच्या म्हणून ठेवल्या होत्या, आता त्या चार पानांसाठी सगळी आशा त्यांच्यावर. डीडीएस-४ च्या एका टेपेत २० जीबी, वेग २.६ मेगाबाइट मोजला. एक टेप दोन तास आठ मिनिटं. हा आकडा पाहा: टेपेसाठी मित्राची २१ डब्यांची लाईन सुद्धा दुप्पट जलद होती. गिगाबिटचा इथे काडीचा उपयोग नाही. मात्र टेपेला ओघ सलग लागतो. घेणारा तिच्याहून मंद असेल तर ती थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते, आणि वीस वर्षांची फीत तशी घासली गेलेली चालत नाही. पहिल्या रात्रीच्या ६४० किलोबाइटवर टेप लावली असती तर तिचं काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

बॅकअप विंडोज २००० च्याच बॅकअप प्रोग्रामने घेतलेला, म्हणून विंडोजमधूनच लॅपटॉपवर उतरवला. आधी ड्राइव्हचं तोंड साफसफाईच्या टेपेने पुसलं. पहिल्या तीन टेपा रात्रीपर्यंत नीट उतरल्या. चौथी अर्ध्यावर अडली, दोनदा लावूनही तिथेच. पाचवी मंगळवारी सकाळी उतरली.

चारपैकी तीन पानं मिळाली. अखंड, पट्ट्याशिवाय. गुरुजींनी ती स्क्रीनवर पूर्ण वाचून काढली, एकेक नाव मोठ्याने.

रविवार, २६ मे

सगळं नॅसवर आहे, एमडीफाइव्हच्या यादीसह. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर माझ्या घरी. जुनं मशीन बंद करून, स्कॅनर वेगळा बांधून माडीवरच ठेवलं, टाकलेलं नाही.

खर्च: यूपीएसचं भाडं ९००, टर्मिनेटर ११००, कन्व्हर्टर २४००, पीसीआय कार्ड ३५०, पॅच कॉर्ड ४८०. एकूण ५,२३० रुपये. मित्राने कोरचे पैसे घेतले नाहीत. वेळ पाच आठवडे, त्यातली डिस्कांची कामी आलेली निव्वळ कॉपी सहा-सात तासांची.

एसटीएम-१ ची लाईन परत केली. कोर राहू दिला आहे. नव्या स्कॅनिंगची रोज साधारण ३०० पानं होतात, रंगीत, प्रत्येकी २६ मेगाबाइट, म्हणजे ७.८ जीबी. लॅपटॉपवरून ११० मेगाबाइट सुटतात, सव्वा मिनिटात ऑफिसात. गिगाबिटवर निव्वळ माल जास्तीत जास्त ११७.७ मिळतो, त्यामुळे ११० वर मी समाधानी आहे.

न मिळालेलं ते एक पान येवला भागाचं. त्यावरच्या पट्ट्याखाली नऊ ओळी गेल्यात. कोणती गावं त्या पानावर होती ते गुरुजींना पाठ आहे: येवला, अंदरसूल, नगरसूल. त्यांनी नव्या वहीत त्या गावांसाठी एक कोरं पान सोडलं आहे. सिंहस्थाला तिकडून जे येतील त्यांच्याकडून आजोबा-पणजोबांची नावं विचारून त्या नऊ ओळी पुन्हा लिहून घ्यायच्या, असं ठरलं आहे.